सपोर्टर्स ट्रस्टच्या बोर्डाची निवडणूक: सभासदांच्या यादीपासून निकालापर्यंत

ज्या फुटबॉल क्लबची मालकी सपोर्टरांच्या ट्रस्टकडे असते तिथे साध्या सभासदाच्या हातात नेमकं काय असतं? टीम निवडणं मॅनेजरचं काम, रोजचा कारभार क्लबच्या ऑफिसचा. सभासदाकडे असतं एक मत, ट्रस्टच्या बोर्डावर कोण बसणार याचं, आणि मालक म्हणून जे काही करायचं ते बहुतेक सगळं त्या बोर्डातूनच होतं. म्हणून ही निवडणूक नीट झाली पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि नीट म्हणजे नुसती नियमात बसणारी नाही, लोकांना उभं राहावंसं वाटेल आणि हरलेल्यालाही निकाल पटेल अशी. खाली जे लिहिलंय ते ब्रिटनमधल्या ट्रस्टना धरून आहे, निवडणूक चालवणाऱ्यांसाठी पण आणि मत देणाऱ्या किंवा उभं राहायचा विचार करणाऱ्यांसाठी पण.

ट्रस्ट वेगळा, क्लब वेगळा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. क्लब ही एक कंपनी असते, तिचे शेअर ट्रस्टकडे असतात, आणि ट्रस्ट ही सभासदांची संस्था असते. सभासद ट्रस्टचं बोर्ड निवडतात आणि ते बोर्ड मालक या नात्याने क्लबच्या बोर्डावर माणसं पाठवतं. म्हणजे आपण मत देतो तेव्हा थेट क्लबचे डायरेक्टर निवडत नसतो, ते कोण असावेत हे ठरवणारी माणसं निवडत असतो. इंग्लंडमधले बहुतेक ट्रस्ट कम्युनिटी बेनिफिट सोसायटी म्हणून नोंदलेले असतात, २०१४ च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखाली, आणि नोंदणी फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या ब्रिटनमधल्या सरकारी नियामक संस्थेकडे असते. तत्त्व एकच, एक सभासद एक मत. कोणी वर्षाची साधी वर्गणी भरलेली असो नाहीतर स्टेडियमसाठी हजारो पाउंड दिलेले असोत, मत एकच.

याची सुरुवात १९९२ ची. नॉर्थॅम्प्टन टाउन क्लब कर्जात बुडाला होता तेव्हा ब्रायन लोमॅक्स आणि इतर सपोर्टरांनी ट्रस्ट काढला, पैसा गोळा केला आणि त्याबदल्यात सपोर्टरांनी निवडलेला माणूस क्लबच्या बोर्डावर बसला. पुढे २००२ मध्ये विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्सला हलायची परवानगी मिळाली तेव्हा तिथल्या सपोर्टरांनी एएफसी विम्बल्डन हा नवीन क्लब उभा केला, त्याचे बहुसंख्य शेअर आजही डॉन्स ट्रस्टकडे आहेत. एक्सेटर सिटी २००३ पासून ट्रस्टकडे आहे. स्कॉटलंडमध्ये मदरवेल क्लबचे बहुसंख्य शेअर वेल सोसायटी या सपोर्टरांच्या संस्थेकडे, आणि २०२१ पासून हार्ट्सचे फाउंडेशन ऑफ हार्ट्सकडे.

बोर्ड किती महत्त्वाचं हे बघायचं तर वेल्समधला रेक्सहॅम क्लब बघा. २०११ पासून क्लब ट्रस्टकडे होता, २०२० मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी या अभिनेत्यांची क्लब विकत घ्यायची ऑफर आली, सभासदांनी मतदान करून ९८ टक्क्यांहून जास्त मतांनी ती मान्य केली. निर्णय सभासदांचा होता हे खरंच, पण ऑफर देणाऱ्यांशी बोलणी कोणी केली, अटी कोणी मागितल्या, सभासदांसमोर माहिती कोणी ठेवली? बोर्डाने. असा दिवस तुमच्या क्लबवर कधी येईल सांगता येत नाही, आणि तो आला की मग माणसं बदलायला वेळ नसतो.

पहिलं काम, नियमावली वाचणं

नियमावली सापडत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीच्या सार्वजनिक नोंदवहीत ती ऑनलाइन फुकट बघता येते, आणि ट्रस्टचे वार्षिक हिशेबही. त्याशिवाय बहुतेक ट्रस्टचं निवडणुकीचं वेगळं धोरण असतं, ते सेक्रेटरीकडून मागून घ्या. वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि या गोष्टींवर खुणा करा: एकूण जागा किती, यंदा किती रिकाम्या होतायत, मुदत किती वर्षांची, लागोपाठ किती वर्षं बसता येतं, वयाची अट, मत द्यायला कोणत्या तारखेपर्यंत सभासद असावं लागतं, सूचना किती दिवस आधी द्यायची, समान मतं पडली तर काय. बऱ्याच ठिकाणी दर वर्षी फक्त काही जागांची निवडणूक होते म्हणजे सगळं बोर्ड एकदम बदलत नाही, ही चांगली पद्धत आहे, जुनी माहिती टिकते आणि नवीन माणसंही येत राहतात.

नियमावलीत काही धूसर असेल तर अर्थ काय लावायचा ते अर्ज यायच्या आधी ठरवून लेखी जाहीर करा. उमेदवार कोण आहेत हे कळल्यावर नियमाचा अर्थ लावायला बसलात तर तो कितीही प्रामाणिक असला तरी कोणीतरी म्हणणारच की याला वगळायला केलं.

निवडणूक कोण चालवणार

दोन-तीन जणांची छोटी समिती पुरते, अट एकच, त्यातलं कोणी उमेदवार नको आणि कोणाच्या घरातला उमेदवार नको. तिच्या वर निवडणूक अधिकारी म्हणून शक्यतो बाहेरचा माणूस घ्या, दुसऱ्या एखाद्या क्लबच्या ट्रस्टचा अनुभवी सेक्रेटरी सुद्धा चालतो, कारण हे काम त्याने केलेलं असतं आणि तुमच्याकडे कोण जिंकतं याने त्याला काही फरक पडत नाही. मोठ्या ट्रस्टमध्ये मतदान बाहेरच्या निवडणूक कंपनीला देतात, खर्च होतो पण शंकेला जागा उरत नाही. अर्जांची घोषणा झाली त्या दिवसापासून उभं राहणाऱ्या विद्यमान बोर्ड मेंबरांचा सभासदांच्या मेल यादीवरचा आणि ट्रस्टच्या सोशल मीडिया अकाउंटवरचा हात काढून घ्या. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही, त्यांच्यावर आरोप होऊ नये म्हणून.

वेळापत्रक उलटं मोजा

एजीएमची, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची, तारीख धरा आणि मागे मागे या. निकाल एजीएमला जाहीर करायचा तर मतदान त्याच्या दोन-तीन दिवस आधी बंद, मतदानाला निदान दोन आठवडे आणि पोस्टाने मतपत्रिका जाणार असतील तर तीन, त्याआधी छाननी, निवेदनं लावणं, छपाई याला दहा-बारा दिवस, अर्ज भरायला तीन-चार आठवडे. म्हणजे सगळं मिळून सात ते नऊ आठवडे लागतात, आणि यादी साफ करायचं काम याच्याही आधीचं.

एजीएम कधी घ्यायची हे हिशेबांवर पण अवलंबून असतं. सोसायटीला आर्थिक वर्ष संपल्यापासून सात महिन्यांत वार्षिक विवरण द्यावं लागतं, म्हणजे ३० जूनला वर्ष संपत असेल तर ३१ जानेवारीच्या आत. म्हणून पुष्कळ ठिकाणी निवडणूक हिवाळ्याच्या तोंडावर येते. फक्त ख्रिसमसच्या आसपास मॅचेसची गर्दी असते आणि पोस्टही रखडतं, त्या आठवड्यांत मतदान ठेवू नका. अर्जाची शेवटची मुदत शनिवारी दुपारी तर अजिबात नको, निम्मे लोक बाहेरच्या मॅचला बसमध्ये असतात.

सभासदांची यादी, खरी मेहनत इथे आहे

मला विचाराल तर निवडणुका मतमोजणीत बिघडत नाहीत, यादीत बिघडतात. सीझन तिकीट आहे म्हणजे आपण ट्रस्टचे सभासद आहोत असं समजणारे लोक प्रत्येक क्लबमध्ये सापडतील, तीस वर्षं त्याच स्टँडमध्ये बसणारा माणूस मतपत्रिका आली नाही म्हणून चिडून विचारतो आणि मग कळतं की त्याने ट्रस्टची वर्गणी कधी भरलेलीच नाही. हे त्याला मतदानाच्या दिवशी कळू नये. कट-ऑफ तारखेच्या महिनाभर आधी मॅचडे प्रोग्राममध्ये, मैदानावरच्या घोषणेत, मेलवर, सगळीकडे एकच गोष्ट सांगा, तिकीट म्हणजे सभासदत्व नाही, मत हवं असेल तर अमुक तारखेआधी वर्गणी भरा.

मग वर्गणी संपलेले. कितीतरी जणांचं बँक कार्ड बदललेलं असतं, पेमेंट फेल झालेलं असतं, त्यांना पत्ताच नसतो. त्यांना नावानिशी मेल करा, उत्तर नाही आलं तर फोन करा, कंटाळवाणं काम आहे पण मतदानाची टक्केवारी वाढवायचा याच्याइतका खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

एकाच मेलवर चार जण हा पण मोठा घोळ. आई, वडील आणि दोन मुलं, सगळ्यांचं सभासदत्व वडिलांच्या मेलवर, आणि ऑनलाइन मतदानाची लिंक प्रत्येक मेलला एकच गेली की तीन मतं गायब. प्रत्येक सभासदाला त्याच्या नंबराशी जोडलेला वेगळा कोड गेला पाहिजे, मेल एकच असला तरी. लहान मुलांना मत आहे की नाही हे नियमावलीत बघा, प्रत्येक ट्रस्टचं वेगळं असतं. ज्यांच्याकडे मेलच नाही त्यांची वेगळी यादी करून कागदी मतपत्रिका पाठवा, यातले बरेच जण वयस्कर असतात आणि क्लब वाचवताना सगळ्यात पुढे तेच होते. मतदान सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी सगळ्यांना एक साधा टेस्ट मेल टाका, जे परत आले ते शोधून काढा. निधन झालेल्या सभासदांची नावं नीट काढा, त्यांच्या घरी मतपत्रिका जाणं फार क्लेशाचं असतं.

उमेदवार मिळवणं

चार जागा आणि चार अर्ज, बिनविरोध. काही लोकांना हे एकीचं लक्षण वाटतं, मला ती धोक्याची घंटा वाटते. बिनविरोध आलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारलेले नसतात, आणि उद्या कठीण निर्णय घ्यायची वेळ आली की सभासदांनी आपल्याला निवडलंय असं तो छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

लोक उभे का राहत नाहीत? काम काय आहे हे माहीत नसतं, आणि आपण त्या लायकीचे नाही असं वाटतं. म्हणून जाहिरातीत खरं लिहा: महिन्यातून एक-दोन संध्याकाळच्या मीटिंग, त्याआधी वाचायचे कागद, पगार नाही, गुप्तता पाळावी लागते, टीम हरत असली की लोक पबमध्ये पण अडवून विचारतात. कायदेशीर जबाबदारी असते हेही लिहा. आणि सध्याच्या बोर्डात काय कमी आहे ते उघड सांगा, हिशेब कळणारं कोणी नाही, बांधकामातलं कोणी नाही, बायका फक्त एक, तिशीच्या आतलं कोणीच नाही. पण हे आवाहन म्हणून ठेवा, अट म्हणून नको. नोकरी-धंद्याच्या पदव्या बघून चाळणी लावायला लागलात की एक सभासद एक मत याला अर्थ राहत नाही, बस ड्रायव्हर सुद्धा उत्तम बोर्ड मेंबर होतो कारण प्रवास करून येणाऱ्या सपोर्टरांचे हाल त्याला माहीत असतात.

घोषणा वाचून फार कमी लोक पुढे येतात, समोर बसून विचारलं की येतात. प्रवासाच्या बसेस कोण भरतं, मुलींच्या टीमला कोण मदत करतं, बादली घेऊन पैसे कोण गोळा करतं, त्यांना विचारा. अर्ज उघडायच्या आधी बोर्डाची एखादी मीटिंग इच्छुकांना बघायला द्या, गोपनीय विषय सोडून. एवढं करूनही अर्ज कमीच आले तर ओढूनताणून जागा भरू नका, नियमात असेल तर एखादा स्वीकृत सदस्य घ्या, पण त्याला पुढच्या निवडणुकीत सभासदांसमोर यावंच लागेल हे पक्कं करा.

अर्ज आणि छाननी

अर्ज साधा ठेवा. सभासद नंबर, सूचक आणि अनुमोदक, आचारसंहिता मान्य असल्याची सही, आणि हितसंबंधांची माहिती. हे शेवटचं नीट भरून घ्या. उमेदवाराची कंपनी क्लबला माल पुरवते का, घरातलं कोणी क्लबच्या पगारावर आहे का, क्लबने त्याचं कर्ज घेतलंय का, दुसऱ्या क्लबमध्ये शेअर आहेत का. असं काही असलं म्हणजे लगेच बाद असं नाही, पण सभासदांना मत द्यायच्या आधी माहीत पाहिजे. डायरेक्टर व्हायला कायद्याने बंदी घातलेला माणूस सोसायटीच्या बोर्डावरही बसू शकत नाही, म्हणून तशी घोषणा पण सहीनिशी घ्या.

छाननीत किरकोळ चूक सापडली, अनुमोदकाचा नंबर चुकलाय वगैरे, तर मुदत असेपर्यंत फोन करून दुरुस्त करून घ्या आणि हीच सवलत सगळ्यांना द्या. निवेदनाला शब्दमर्यादा ठेवा, ४००-५०० शब्द पुरे. कोणाचंही निवेदन सुधारून देऊ नका, शुद्धलेखन सुद्धा नाही, फक्त कोणाची बदनामी होत असेल तर ते वाक्य उमेदवाराला बदलायला सांगा. नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, पहिल्या नावाला उगाच फायदा मिळत असतो.

प्रचार, आणि काय विचारायचं

उमेदवारांची एक सभा घ्याच, ऑनलाइन पण दाखवा आणि रेकॉर्डिंग ठेवा कारण लांब राहणारे सभासद येऊ शकत नाहीत. सूत्रसंचालक तटस्थ, सगळ्यांना सारखा वेळ.

सभासदांनी काय विचारावं? नवीन स्ट्रायकर आणू, मॅनेजर बदलू असं जो सांगतो त्याला आधी विचारा की हे ट्रस्टच्या बोर्डाच्या हातात आहे का. मग हे विचारा: उद्या एखादा श्रीमंत माणूस बहुसंख्य शेअर मागायला आला तर पहिल्या आठवड्यात तुम्ही काय कराल? "मी कधीच विकणार नाही" आणि "सभासद ठरवतील", ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत, कारण त्या आठवड्यात सभासदांना काय सांगायचं, ऑफर देणाऱ्याकडून काय कागद मागायचे, मैदान वेगळं सुरक्षित ठेवता येईल का, हे बोर्डालाच ठरवायचं असतं. एएफसी विम्बल्डनला प्लाउ लेनचं स्टेडियम पुरं करायला पैसे कमी पडत होते तेव्हा बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा द्यायचा की सपोर्टरांकडूनच पैसा उभा करायचा यावर मोठा वाद झाला, शेवटी बॉन्ड म्हणजे कर्जरोखे काढून सपोर्टरांकडून ५० लाख पाउंडांहून जास्त रक्कम उभी राहिली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे पहिली मॅच झाली. उमेदवाराला असा प्रसंग देऊन बोलतं करा.

दुसरा प्रश्न, बोर्डाने बहुमताने तुमच्या विरुद्ध निर्णय घेतला तर बाहेर काय बोलाल? आणि तिसरा, छप्पर गळतंय आणि जानेवारीत खेळाडू घ्यायला पैसे हवेत, पैसा एकाच गोष्टीपुरता आहे, काय कराल? इथे उत्तर बरोबर की चूक यापेक्षा माणूस विचार कसा करतो ते बघा, आकडे विचारतो का, मला अजून माहिती लागेल असं म्हणायची त्याची तयारी आहे का.

मतदानाची पद्धत

जितक्या जागा तितक्या फुल्या, ही पद्धत सोपी आहे म्हणून सगळीकडे चालते. पण पॅनल, म्हणजे एकत्र उभे राहणारे उमेदवारांचे गट, उभी राहिली की या पद्धतीचा दोष दिसतो. समजा ४ जागा आहेत आणि ५०० जणांनी मत दिलं, २७० जण एका पॅनलचे आणि २३० दुसऱ्या. फुल्यांच्या पद्धतीत पहिल्या पॅनलला चारच्या चार जागा मिळतात आणि जवळपास निम्म्या सभासदांचा बोर्डावर एकही माणूस नाही. तेच पसंतीक्रमाने मतदान घेतलं, १, २, ३ असे आकडे टाकून आणि जास्तीची मतं पुढच्या पसंतीला सरकवून, तर निवडून यायला १०१ मतं लागतात (५०० ला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे ५ ने भागून अधिक एक), पहिल्या पॅनलच्या दोन जागा पुऱ्या होतात आणि दुसरीच्याही दोन. दोन गट पडलेल्या ट्रस्टला मी पसंतीक्रमच सुचवेन. मोजायला किचकट आहे, पण बाहेरची कंपनी किंवा सॉफ्टवेअर असेल तर अडचण नाही. उमेदवार पाच-सहा आणि वातावरण शांत असेल तर फुल्या चालतील. फक्त पद्धत बदलायची तर ती एजीएमला मंजूर करून पुढच्या वर्षीपासून लावा, चालू निवडणुकीत नाही.

कागदी मतपत्रिकेला दोन पाकिटं द्या, आतलं कोरं आणि बाहेरच्यावर सभासद नंबर. नंबर यादीशी ताडला की बाहेरचं पाकीट बाजूला आणि आतलं पेटीत, मग कोणी कोणाला दिलं ते कळत नाही. मतदान चालू असताना किती जणांनी मत दिलं एवढंच सांगा, कोणाला किती ते समितीलाही दिसता कामा नये. आठवण तीनदा पाठवा, सुरुवातीला, मधे आणि शेवटच्या दिवशी, आणि ज्यांनी अजून दिलेलं नाही त्यांनाच.

मोजणी, निकाल आणि त्यानंतर

कुठलं मत बाद धरायचं हे पेटी उघडायच्या आधी लिहून ठेवा. मोजणीला उमेदवार किंवा त्यांचा प्रतिनिधी बसू द्या, फरक थोडा असेल तर न मागता फेरमोजणी करा. निकाल उमेदवारांना आधी खाजगीत फोनवर सांगा आणि मग जाहीर करा, हरल्याची बातमी माणसाला सोशल मीडियावरून कळू नये. जाहीर करताना सगळे आकडे द्या: मतदार किती, मतं किती आली, बाद किती, प्रत्येकाला किती. शेवट आलेल्याची मतं लपवायची पद्धत काही ठिकाणी आहे, त्यामागे दया असते पण निकालावरचा विश्वास कमी होतो. तक्रारीला लेखी मुदत द्या आणि तोपर्यंत मतपत्रिका सीलबंद ठेवा.

नवीन बोर्ड पहिल्या मीटिंगमध्ये चेअर, सेक्रेटरी, खजिनदार ठरवतं आणि क्लबच्या बोर्डावर कोण जाणार तेही. तिकडे जाणाऱ्याला फुटबॉलच्या नियमांप्रमाणे मालक-डायरेक्टरांची चाचणी, म्हणजे माणूस या पदाला योग्य आहे का याची तपासणी, पार करावी लागते, त्याचे कागद लगेच सुरू करा कारण त्यात वेळ जातो. बँकेतल्या सह्या, पासवर्ड, चालू करार यांचा ताबा पहिल्या पंधरवड्यात द्या, आणि नवीन माणसाला जुना एक सोबती जोडून द्या.

जे हरले त्यांना आठवडाभरात चेअरने स्वतः फोन करावा आणि नेमकं काम विचारावं, नुसते आभार नको. एखाद्याला दीडशे मतं पडली म्हणजे दीडशे सभासदांना त्याच्याकडून काहीतरी हवंय, त्याला तिकिटांच्या किंवा मैदानाच्या उपसमितीत घ्या. वर्षाच्या मधेच कोणी राजीनामा दिला तर पुढच्या नंबरचा उमेदवार आपोआप आत येतो असं समजू नका, नियमावलीत तसं लिहिलं असेल तरच येतो. नाहीतर जागा स्वीकृत सदस्याने भरायची की पुढच्या निवडणुकीपर्यंत रिकामी ठेवायची हे बोर्ड ठरवतं, आणि ठरवलं की कारणासकट त्याच आठवड्यात सभासदांना कळवायचं.